भाड्याचें नवें कीं मालकीचें जुनें?

गेल्या दिवाळीच्या सुमारास आमच्या एका भाच्याचें पत्र आलें. हा भाचा अमेरिकेंतील न्यू जर्सी राज्यांत नोकरीस असून त्याचा संसार आतां तेथेंच मांडला गेला आहे. पत्रांत घरचा कुशल समाचार होताच; पण खरा मजकूर शेवटच्या चार ओळींत होता. “मामा, मोटार घ्यावयाची आहे. मध्यम प्रतीची एक कोरी गाडी तीन वर्षांच्या भाडेपट्ट्यानें मिळते. जवळजवळ तेवढ्याच मासिक खर्चांत पांच वर्षें वापरलेली एक बडी जर्मन गाडी कायमची विकत घेतां येते. घरांतून पहिलीचा आग्रह आहे; माझें मन दुसरीवर बसलें आहे. तुम्ही इतिहास शिकवितां. इतिहास काय म्हणतो तें कळवा.”

शेवटचें वाक्य अर्थातच थट्टेचें होतें. आम्हीं मात्र तें थट्टेवारी नेलें नाहीं. एक तर राजांच्या लढाया आणि तहनामे एवढाच कांहीं इतिहास नव्हे. सामान्य माणसानें आपल्या मिळकतीचें काय केलें, हीही इतिहासाचीच बाब आहे. दुसरें असें कीं, हाच प्रश्न वेगळ्या वेषानें एकदां आमच्या घरीं येऊन गेला होता, आणि त्याचें उत्तर चुकलें होतें. ती हकीकत यथास्थळीं येईलच. भाच्यास जें उत्तर धाडलें, तेंच किंचित् विस्तारानें वाचकांपुढें ठेवीत आहों.

हा प्रश्न मोटारीहून वयानें पुष्कळ वडील आहे. एकोणिसाव्या शतकांतील लंडन शहर घ्या. तेथील सुखवस्तु कुटुंबास गाडीघोडा बाळगावयाचा झाल्यास दोन मार्ग मोकळे असत. घोडे विकत घेऊन पदरीं ठेवावे, हा एक. आणि ‘जॉबमास्टर’ या नांवानें ओळखल्या जाणाऱ्या धंदेवाल्याकडून ते महिन्याच्या अगर वर्षाच्या करारानें भाड्यानें आणावे, हा दुसरा. घोडा लंगडला, आजारी पडला किंवा मेला, तर जॉबमास्टर त्याच्या जागीं दुसरा पाठवी. गाड्या बांधण्याबद्दल प्रसिद्ध असलेल्या लाँग एकर भागांतील कारागीरही कांहीं वर्षांच्या मुदतीनें गाड्या भाड्यानें देत. या धंद्याचा पसारा केवढा होता याची कल्पना एका नांवावरून यावी. दक्षिण लंडनमधील थॉमस टिलिंग यानें १८४० नंतरच्या दशकांत अवघ्या एका घोड्यावर व्यवसाय आरंभिला. १८९३ सालीं तो वारला तेव्हां त्याच्या पागांत हजारों घोडे होते.

आपल्याकडे भाड्याच्या वस्तूविषयीं थोडी हीनबुद्धि आहे. ‘भाड्याचें घर, खालीं कर’ ही म्हण आपण लहानपणापासून ऐकतों. परंतु लंडनमध्यें जॉबमास्टरच्या दारीं जाणारे लोक कांहीं गरीब नव्हते. घोडा विकत घेण्याची ऐपत असूनही ते तो भाड्यानें घेत, कारण त्यांनीं एक गोष्ट ओळखली होती. घोडा विकत घेणारा केवळ त्याची चाल आणि त्याचा डौल विकत घेत नाहीं. त्याचा आजार, त्याचें म्हातारपण आणि त्याचा मृत्यूही त्याच किंमतींत पदरांत पाडून घेतो. भाडेकरी जें जास्त देई, तें हें ओझें दुसऱ्याच्या खांद्यावर टाकल्याबद्दल. उलट, एखाद्या सरदाराची जुनी चौकडीची गाडी स्वस्तांत मिळाली, तरी ती ओढावयास घोडे चारच लागत. गाडी जुनी झाली म्हणून ते दोनांवर येत नसत. भाच्याच्या प्रश्नांतील दोन्ही बाजू येथें बीजरूपानें दिसतात.

मात्र घोड्याचें म्हातारपण निसर्गानें आणलेलें असतें. मोटारीचें म्हातारपण पुष्कळ अंशीं माणसानें घडविलेलें आहे, आणि तें कसें घडलें हें समजल्यावांचून आजच्या प्रश्नाचा उलगडा होत नाहीं. त्यासाठीं अमेरिकेकडे वळलें पाहिजे.

महाग यंत्र सामान्य गृहस्थाच्या घरांत नेण्याची युक्ति तेथें मोटारीपूर्वींच निघाली होती. १८५६ सालीं सिंगर शिवणयंत्रांच्या व्यवसायांतील भागीदार एडवर्ड क्लार्क यानें, यंत्र भाड्यानें द्यावें व भरलेलें भाडें किंमतींत जमा धरावें, अशी तोड काढली. जुनें यंत्र परत घेऊन नव्याच्या किंमतींत सूट देण्याची प्रथाही त्यानेंच त्या धंद्यांत पाडली. मोटारींच्या व्यापारांत पुढें जें जें झालें, त्याचा ओनामा असा शिवणयंत्रावर गिरविला गेला.

हेन्री फोर्ड याची वृत्ति निराळी होती. १९०८ सालीं त्यानें आपली ‘मॉडेल टी’ गाडी सुमारें ८५० डॉलरांस बाजारांत आणली आणि वर्षानुवर्षें तिची किंमत उतरवीत नेली. १९२५ सालीं तिचा सर्वांत स्वस्त प्रकार २६० डॉलरांस मिळत होता. गाडी साधी, टिकाऊ, वर्षानुवर्षें जवळजवळ त्याच रूपाची. विकत घ्यावी व मोडेपर्यंत वापरावी. उधारीचा त्याला तिटकारा होता. १९२३ सालीं त्यानें साप्ताहिक योजना काढली, तींतही गिऱ्हाइकानें दर आठवड्यास पैसे आधीं साठवावयाचे आणि पुरी किंमत भरल्यावर मग गाडी न्यावयाची, अशी अट होती. आपल्या आजोबांना ही योजना फार पटली असती. अमेरिकन गिऱ्हाइकास ती पटली नाहीं. कारण त्याच्यासमोर दुसरें दुकान उघडलें होतें. जनरल मोटर्स कंपनीनें १९१९ सालींच स्वतःची पतपेढी काढून, गाडी आज न्या व पैसे मागाहून द्या, असा व्यवहार सुरू केला होता.

परंतु हप्त्यांपेक्षांही खोल परिणाम करणारी गोष्ट त्या कंपनीचा अध्यक्ष आल्फ्रेड स्लोन यानें केली. प्रत्येक ऐपतीच्या माणसासाठीं वेगळी गाडी, अशी त्यानें पायऱ्यांची उतरंड रचली. आणि दर वर्षीं गाडीचें रूप थोडें बदलावें, हा परिपाठ पाडला. १९२७ सालीं हार्ले अर्ल या रूपकाराच्या हाताखालीं रंगरूपासाठीं एक स्वतंत्र खातेंच निघालें. त्याच वर्षीं दीड कोटि गाड्या विकून झालेल्या ‘मॉडेल टी’चा कारखाना बंद पडला. यंत्र झिजावयाच्या आधीं मन झिजूं लागलें! गेल्या वर्षींची गाडी चाकानें, इंजिनानें धडधाकट असे. पण शेजाऱ्याच्या दारांत या वर्षींची उभी राहिली कीं ती म्हातारी ठरे.

याचा हिशेब कोठें तरी लागावयाचाच होता. नवी गाडी घेणारा आपली जुनी विक्रेत्याच्या गळ्यांत बांधूं लागला. विक्रेत्यांचीं आवारें जुन्या गाड्यांनीं इतकीं भरलीं कीं, १९३० च्या सुमारास त्या मोडींत काढाव्या म्हणून कारखानदारांनीं स्वतः पैसे दिले. आणि सर्वांत उंचावरून पडत त्या बड्या गाड्या. त्यांचा पहिला धनी कोरेपणाची व प्रतिष्ठेची किंमत मोजीत असे. दुसरा येई तो दुरुस्तीच्या भीतीनें हात आंखडता घेई. १९२८ च्या अखेरीस निघालेल्या ‘ड्यूसेनबर्ग मॉडेल जे’ या गाडीच्या नुसत्या सांगाड्यास ८५०० डॉलर पडत. १९३७ सालीं ती कंपनी बुडाली, आणि पुढें कांहीं वर्षें त्याच गाड्या कांहींशें डॉलरांस मिळूं लागल्या. यांपैकीं एक अतिदुर्मिळ गाडी २०१८ सालीं २ कोटि २० लक्ष डॉलरांस विकली गेली, हें खरें आहे; पण त्या प्रकारच्या गाड्या जगांत दोनच झाल्या होत्या. जुनी बडी गाडी ठेवणाऱ्यानें या उदाहरणावर विसंबणें म्हणजे सोडतीच्या तिकिटावर मुलीचें लग्न ठरविणें होय.

भाडेपट्टा हें याच वार्षिक नवेपणाचें दुसरें अपत्य. शिकागो येथील झॉली फ्रँक या मोटारविक्रेत्यानें १९३९ सालीं एका औषधकंपनीस तिच्या फिरत्या नोकरांसाठीं पांच मोटारी भाडेपट्ट्यानें दिल्या. तेथून या धंद्याचा आरंभ मोजण्याची चाल आहे. प्रथम हा व्यवहार व्यापारी पेढ्यांपुरता होता. हळूहळू तो गृहस्थांच्या घरीं शिरला, तेव्हां त्यांच्या संरक्षणार्थ १९७६ सालीं अमेरिकेंत वेगळा कायदा करावा लागला. १९८६ च्या करसुधारणेनें मोटारीच्या कर्जावरील व्याजाची प्राप्तिकरांतील सूट क्रमानें काढून घेतली. कर्ज काढून गाडी घेण्याचें एक आकर्षण गेलें आणि भाडेपट्ट्याकडे ओढा वाढला. बड्या गाड्यांच्या बाबतींत तर हा मार्ग विशेष रूढ झाला. कारण जी वस्तु सर्वांत जलद उतरते, तिची मालकी कोणास नको असते.

आतां भाडेपट्ट्याचें गणित पहा. समजा, नवी गाडी ४०,००० डॉलरांची आहे आणि तीन वर्षांनंतर ती २४,००० ची राहील असा कंपनीचा अंदाज आहे. मधली घट १६,०००. ती ३६ महिन्यांवर वांटली म्हणजे दरमहा सुमारें ४४४ डॉलर. शिवाय कंपनीचे सरासरी ३२,००० डॉलर त्या गाडींत अडकून राहतात. त्यांवर दरसाल शेंकडा ६ दरानें महिन्यास १६० डॉलर व्याज. एकूण ६०४. करभार, विमा, ठरीव मैलांपेक्षां अधिक चालविल्यास दंड आणि ओरखड्यांची भरपाई, हीं निराळीं. म्हणजे भाडेकरी गाडीची किंमत देत नाहीं हें खरें. पण तो तिच्या आयुष्यांतील सर्वांत महाग तीन वर्षें देतो. एका पट्ट्यामागून दुसरा असा जो आयुष्यभर चालतो, तो गाडीची केवळ उतरणच विकत घेत राहतो.

मग त्याला मिळतें काय? त्याला निश्चिति मिळते. आणि ती फुकट नसते हें दोन प्रसंगांनीं जगास दाखविलें. २००८ सालीं पेट्रोल भडकलें आणि अवजड गाड्यांचे जुन्या बाजारांतील भाव कोसळले. भाडेकऱ्यांनीं मुदत संपतांच किल्ल्या परत केल्या आणि तोटा कंपन्यांच्या माथीं राहिला. फोर्डच्या पतपेढीस त्या वर्षाच्या एकाच तिमाहींत भाडेपट्ट्यांपायीं २१० कोटि डॉलर बुडीत धरावे लागले; क्रायस्लरच्या पतपेढीनें १ ऑगस्टपासून अमेरिकेंत भाडेपट्टे देणेंच थांबविलें. पुढें २०२१ सालीं नेमकें उलट झालें. संगणकी सुट्या भागांच्या टंचाईमुळें नव्या गाड्या मिळेनात, जुन्यांचे भाव चढले. आणि ज्यांच्या करारांत गाडी पूर्वीं ठरलेल्या किंमतींत विकत घेण्याचा हक्क होता, त्यांना ती बाजारभावाहून पुष्कळ स्वस्त पडली. भाव पडला तर परत करावें, चढला तर ठेवून घ्यावें. असा हा दुधारी हक्क आहे. जॉबमास्टर घोड्याच्या मृत्यूची जोखीम घेई. ही मंडळी भावाच्या मृत्यूची घेतात, आणि तिचें मोल हप्त्यांत आधींच मिळवून ठेवतात.

तीन वर्षांनीं परत आलेल्या या गाड्या जातात कोठें? त्याच जुन्या बाजारांत. १९९० नंतरच्या दशकांत परत येणाऱ्या बड्या गाड्यांची रीघ लागली, तेव्हां लेक्सससारख्या कंपन्यांनीं त्या तपासून, हमी देऊन, ‘प्रमाणित’ म्हणून विकण्यास आरंभ केला. आमचा भाचा ज्या दोन गाड्यांपुढें उभा होता, त्या परक्या नव्हेत. एकीचें आज तें दुसरीचें उद्यां आहे. प्रश्न एवढाच कीं, या घसरगुंडीवर आपण वरच्या टोकाला बसावयाचें कीं खालच्या.

खालच्या टोकाला बसणाऱ्यास घसरण कमी लागते, ही गोष्ट उघड आहे. पण तेथें दुसरें भय आहे. अमेरिकेंत दोष लपविलेल्या गाडीस ‘लिंबू’ म्हणतात. याच लिंबांवर जॉर्ज ॲकरलॉफ या अर्थशास्त्रज्ञानें १९७० सालीं एक निबंध प्रसिद्ध केला. गाडीचे गुणदोष विकणाऱ्यास ठाऊक असतात, घेणाऱ्यास नसतात. म्हणून घेणारा सर्वच जुन्या गाड्यांस कमी भाव देतो. म्हणून चांगल्या गाडीचा धनी ती विकावयास आणीतच नाहीं. आणि बाजारांत लिंबेंच उरूं लागतात, असें त्याचें प्रतिपादन. तीन नियतकालिकांनीं तो निबंध परत केला होता. २००१ सालीं त्याच कामगिरीसाठीं लेखकास नोबेल पारितोषिक मिळालें. आम्हांस त्यांत विशेष कौतुक वाटतें तें एका दाखल्याचें. निबंध प्रसिद्ध होण्यापूर्वीं, १९६७-६८ सालीं, हा गृहस्थ दिल्लींतील संख्याशास्त्राच्या संस्थेंत होता. आणि निबंधांत, बाजारांतील तांदळांत मुद्दाम मिसळलेले त्याच रंगाचे खडे निवडीत बसणारी भारतीय गृहिणी आली आहे. सूप पुढें घेऊन बसलेली आपली आई एका नोबेल-निबंधाचा विषय आहे, हें आपल्यापैकीं थोड्यांस ठाऊक असेल. तात्पर्य हें कीं, लिंबावर उपाय आहे: निवडणें. जाणत्या कारागिराकडून गाडी तपासून घेतली, दुरुस्तीचीं टिपणें पाहिलीं, हमी मिळविली, तर फसवणुकीचें भय पुष्कळ कमी होतें.

परंतु गाडीत एकही खडा नसला तरी एक धोका उरतोच. आणि आमच्या घरची हकीकत त्या धोक्याची आहे.

आमचे थोरले काका कोल्हापुरांत वकिली करीत. १९७४ सालची गोष्ट. त्या काळीं आपल्याकडे नवी फियाट हवी असल्यास नांव नोंदवून वर्षानुवर्षें वाट पाहावी लागे. १९७३ अखेरच्या तेलसंकटानें पेट्रोल महागलें आणि जुन्या प्रचंड अमेरिकन गाड्यांना कोणी विचारीनासें झालें. एका जहागीरदार घराण्यानें आपली मोरपंखी रंगाची गाडी काढली. लहान नव्या गाडीहूनही कमी किंमतींत ती काकांना मिळाली. जहागीरदारांनीं कांहीं लपविलें नव्हतें. गाडी निकोप होती, इंजिन घड्याळासारखें चाले. ती दारांत आली त्या दिवशीं गल्लींतील मुलांनीं तिच्याभोंवतीं फेर धरला, आणि काकूंनीं तिला ओवाळलें. आम्ही त्या वेळीं फार लहान होतों. पण मागच्या आसनावर पाय न टेकणारीं आम्ही पांच भावंडें अजून डोळ्यांपुढें दिसतों.

पहिली दोन वर्षें सुखाचीं गेलीं. मग कऱ्हाडजवळ एका मालमोटारीच्या चाकाखालून उडालेला खडा समोरच्या कांचेवर बसला. ती कांच वळणदार, अखंड, अमेरिकेंतच होणारी. काकांनीं मुंबईचा चोरबाजार पालथा घातला, मिळाली नाहीं. शेवटीं सपाट कांचेचे दोन तुकडे मध्यें लांकडी पट्टी मारून बसविले. पुढें गिअरपेटी गेली. एका मोडक्या गाडींतून ती काढून आणण्यास जें पडलें, त्यांत काकूंच्या पाटल्या गेल्या. त्या आमच्या ताईच्या लग्नासाठीं राखून ठेवलेल्या होत्या. काकू कधीं उलट बोलत नसत. त्या दिवशीं एवढेंच म्हणाल्या, “जहागीरदारांनीं किंमत कमी केली, हिची भूक कुठें कमी केली?” सातव्या वर्षीं ती गाडी भंगाराच्या वजनानें गेली. तोंपर्यंत परसांत तिच्याखालीं कोंबड्या बसत.

काकूंच्या त्या वाक्यांत आमच्या मतें या प्रश्नाचें सर्व मर्म आहे. काळाबरोबर गाडीची किंमत उतरते; गाडीची जात उतरत नाहीं. ८०,००० डॉलरांची गाडी ३०,००० स मिळाली, तरी तिचे ब्रेक, तिची लवचिक बैठक, तिचे अनेक संगणक यांची दुरुस्ती ८०,००० च्या गाडीचीच राहते. किंबहुना वयोमानानें वाढते. हत्ती स्वस्तांत मिळाला म्हणून त्याला बकरीचा चारा पुरत नाहीं. काका फसले ते जहागीरदारांकडून नव्हे. त्यांनीं खरेदीच्या रकमेलाच खर्च समजण्याची चूक केली.

म्हणून भाच्यास आम्हीं लिहिलें: “इतिहास कोणत्याच गाडीचा पक्ष घेत नाहीं. उतरण कोणी तरी सोसलीच पाहिजे, आणि अनिश्चिति कोणी तरी. इतकेंच तो सांगतो. भाडेपट्टा घेणारा उतरण स्वतः सोसून अनिश्चिति दुसऱ्यास देतो. जुनी बडी गाडी घेणारा उतरण दुसऱ्यास सोसावयास लावून अनिश्चिति आपण पत्करतो. तेव्हां स्वतःला तीन गोष्टी विचार. दर तीन वर्षांनीं नवी गाडी तुला एरव्हीही हवीच असते काय? असेल तर भाडेपट्टा अडाणीपणाचा नाहीं. नसेल तर तो न लागणाऱ्या भुकेचा खानावळीचा महिना आहे. तीच जर्मन गाडी आज कोरी घेतलीस, तर तिची दुरुस्ती तुला झेपली असती काय? झेपली नसती, तर जुनीचीही झेपणार नाहीं. आणि अचानक एके महिन्यांत चार हजार डॉलर द्यावे लागले, तर ते कोणाच्या पाटल्यांतून येतील?”

उत्तर पंधरा दिवसांनीं आलें. भाच्यानें त्या जर्मन गाडीच्या पुढील तीन वर्षांच्या संभाव्य दुरुस्तीचा अंदाज एका कारागिराकडून लेखी मागविला होता. तो वाचून त्यानें ती सोडली. भाडेपट्ट्याचीही कोरी गाडी घेतली नाहीं. कोणा अनोळखी गृहस्थाच्या भाडेपट्ट्यावरून परत आलेली, तीन वर्षांची, मध्यम प्रतीची गाडी तपासून विकत घेतली. दहा वर्षें वापरावयाची म्हणतो. घरांतूनही होकार मिळाला. शेवटीं त्यानें लिहिलें होतें, “तरी मामा, ती काळी जर्मन गाडी रस्त्यांत दिसली कीं मान वळतेच.”

आम्हीं त्याला हंसलों नाहीं. कोंबड्या बसूं लागल्यावरही काका दर रविवारीं त्या मोरपंखी गाडीची कांच पुशीत असत.